ऑनलाइन सेवेतून डीलरांची कोटेशने मागवताना: कामांचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

नव्या गाडीसाठी अनेक डीलरांकडून एकाच वेळी भाव मागवून देणाऱ्या ऑनलाइन सेवा वापरणारे बहुतेक ग्राहक सुरुवातीलाच चुकतात. ते आधी नाव-नंबर भरून मोकळे होतात आणि नेमकी कोणती गाडी, कोणत्या अटींवर हवी आहे याचा विचार फोन वाजू लागल्यावर करतात. मग चार डीलर चार वेगवेगळ्या व्हेरिएंटचे भाव सांगतात, एकाच्या आकड्यात विमा धरलेला असतो तर दुसऱ्याच्या आकड्यात एक्सचेंजची सूट, आणि ग्राहक त्यातला सर्वांत लहान आकडा उचलून शोरूम गाठतो. तिथे तो आकडा टिकत नाही, आणि दोष सेवेला दिला जातो. सेवा फक्त निरोप पोहोचवते. सर्व डीलरांना एकच प्रश्न, एकाच साच्यात आणि एकाच मुदतीत विचारणे हे काम ग्राहकाचेच असते, आणि तेवढे झाले तरच त्यांच्यात खरी स्पर्धा लागते. पुढील टप्पे त्याच क्रमाने करावेत, कारण यातील बहुतेक तोटा क्रम उलटल्यामुळे होतो.

टप्पा १: स्पर्धा शक्य आहे का, हे आधी पाहणे

टेस्लासारखी कंपनी ग्राहकाला थेट विकते आणि भाव स्वतः ठरवते. तिथे डीलरच नसल्याने कोटेशन मागवण्याला अर्थ नाही. काही कंपन्यांनी काही देशांत अशी पद्धत आणली आहे की शोरूम डीलरचे दिसते, परंतु किंमत कंपनीच ठरवते आणि डीलरला ठरावीक दलाली मिळते. अशा ब्रँडमध्ये भावात फरक पडत नाही. फार तर जुन्या गाडीची किंमत, ॲक्सेसरीज किंवा डिलिव्हरीची तारीख यांत थोडी हालचाल होते.

दुसरी अडचण प्रतीक्षा यादीची. ज्या मॉडेलसाठी महिनोन् महिने थांबावे लागते, त्यावर कोणताही डीलर मनापासून सूट देणार नाही. उलट, ज्या मॉडेलची नवी आवृत्ती लवकरच येणार आहे किंवा ज्याच्या गाड्या आवारात पडून आहेत, तिथे चांगला वाव असतो. आवारातील गाड्या बहुतेक डीलरांनी कर्जाऊ पैशावर आणलेल्या असतात, त्यामुळे न विकलेली प्रत्येक गाडी दररोज व्याज खात असते.

टप्पा २: गाडी शेवटच्या तपशिलापर्यंत ठरवणे

मॉडेल, व्हेरिएंट, इंजिन किंवा बॅटरीचा प्रकार, गिअरबॉक्स, कारखान्यातून बसून येणारे पर्याय आणि चालतील असे दोन किंवा तीन रंग कागदावर लिहून काढावेत. टेस्ट ड्राइव्ह याच टप्प्यावर उरकून घ्यावी. मागची सीट, सामानाची जागा, रात्रीच्या दिव्यांचा उजेड आणि स्वतःच्या पार्किंगमध्ये गाडी मावते की नाही, हे प्रश्न कोटेशन हातात आल्यावर सुचले तर सगळी तुलना पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

टेस्ट ड्राइव्ह देणाऱ्या शोरूमला भाव विचारू नये आणि तिथे कोणत्याही फॉर्मवर सही करू नये. विचारणा झालीच तर निर्णय अजून झालेला नाही आणि झाल्यावर लेखी कोटेशन मागवू, एवढे सांगणे पुरेसे आहे. त्या डीलरने वेळ दिलेला असतो, म्हणून पुढे कोटेशन मागवताना त्याचे नाव यादीत अवश्य ठेवावे.

रंगाबाबत हट्ट धरला की स्पर्धक कमी होतात. एकाच रंगावर अडून बसल्यास तशी गाडी प्रत्यक्ष हाताशी असलेला एखादाच डीलर उरतो आणि त्याला ते लगेच कळते.

> तपासणी: तुमचा कागद अनोळखी माणसाच्या हातात दिला तर त्याला एकही प्रश्न न विचारता तीच गाडी मागवता आली पाहिजे. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: कर्ज आणि जुनी गाडी हे दोन विषय बाजूला काढणे

डीलरची कमाई गाडीच्या किमतीपुरती नसते. कर्ज मिळवून दिल्याबद्दलची दलाली, विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, ॲक्सेसरीज आणि एक्सचेंजमध्ये घेतलेल्या गाडीची पुनर्विक्री यांतूनही त्याला पैसे मिळतात. हे सर्व एकाच चर्चेत आले की एका बाजूला दिलेली सूट दुसऱ्या बाजूने वसूल करणे सोपे जाते, आणि ते समोरच्याला दिसतही नाही.

म्हणून कोटेशन मागवण्यापूर्वी बँकेकडून किंवा अन्य वित्तसंस्थेकडून कर्जाची लेखी मंजुरी घ्यावी. व्याजदर, मुदत, प्रोसेसिंग फी आणि मुदतीपूर्वी फेडल्यास लागणारे शुल्क या चार गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. मासिक हप्त्यावरून निर्णय घेणे ही या सगळ्या व्यवहारातील सर्वांत महाग चूक आहे. चलन कोणतेही असो, १,००,००० चे कर्ज वार्षिक ९ टक्के दराने ६० महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २,०७६ बसतो आणि एकूण परतफेड सुमारे १,२४,५५० होते. तेच कर्ज ८४ महिन्यांवर नेले तर हप्ता सुमारे १,६०९ इतका खाली येतो, पण परतफेड सुमारे १,३५,१५० वर जाते. हप्ता कमी झाल्याचा आनंद शोरूममध्ये होतो. व्याजाचे जादा १०,६०० मात्र घरी भरावे लागतात. समोरून “महिन्याला किती जमेल?” असा प्रश्न आला तर त्याचे उत्तर न देता एकूण किंमत विचारावी.

जुन्या गाडीसाठी किमान दोन स्वतंत्र खरेदीदारांकडून लेखी किंमत घ्यावी आणि ती किती दिवस वैध आहे हे पाहावे, कारण अशी ऑफर बहुधा काही दिवसांचीच असते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत एक्सचेंजच्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच विक्रीकर लागतो. अशा ठिकाणी डीलरने बाहेरच्या खरेदीदारापेक्षा थोडी कमी किंमत दिली तरी हिशेब जुळू शकतो. आपल्या ठिकाणी नियम काय आहे, हे कोटेशन येण्यापूर्वी माहीत असावे.

टप्पा ४: सेवा कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या सेवांचे चार प्रकार पडतात आणि प्रत्येकीकडून ठेवायची अपेक्षा वेगळी असते.

पहिल्या प्रकारात ग्राहक गाडीचा तपशील भरतो, डीलर आपापल्या ऑफर पाठवतात आणि कोणाशी संपर्क साधायचा हे ग्राहक ठरवतो. ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘कारवाऊ’ ही या पद्धतीची ओळखीची सेवा आहे. दुसऱ्या प्रकारात सेवेशी करार केलेले डीलर आधीच एक भाव देऊन ठेवतात आणि त्या परिसरात इतरांनी काय किंमत मोजली हेही दाखवले जाते. अमेरिकेतील ‘ट्रूकार’ या वर्गात येते. तिथे दिसणारा आकडा हा कमाल आकडा समजावा. तो दाखवून त्याखाली जाता येते, तरीही पुष्कळ लोक त्यालाच अंतिम सवलत मानून थांबतात.

तिसरा प्रकार म्हणजे केवळ संपर्क विकणाऱ्या सेवा. त्या ग्राहकाचे नाव-नंबर अनेक डीलरांना देतात आणि तिथे त्यांचे काम संपते. त्यांच्याकडून मिळालेला भाव हा भाव नसून फोन करण्याचे निमित्त असते, हे गृहीत धरूनच त्यांचा वापर करावा. चौथ्या प्रकारात एखादा मध्यस्थ ग्राहकाकडून शुल्क घेऊन त्याच्या वतीने घासाघीस करतो. त्याला डीलरकडूनही पैसे मिळतात का, हा प्रश्न लेखी विचारावा. उत्तर गुळमुळीत आले तर त्याच्या सल्ल्याला फारशी किंमत देऊ नये.

पहिल्या तीन प्रकारांत ग्राहकाला बहुधा काही द्यावे लागत नाही, कारण पैसे डीलर देतो: कधी प्रत्येक विक्रीमागे, कधी प्रत्येक संपर्कामागे, तर कधी मासिक वर्गणी म्हणून. म्हणजे सेवेचा ग्राहक डीलरच आहे. यात फसवणूक काही नाही, परंतु यादीत फक्त पैसे देणारे डीलर दिसतात एवढे लक्षात ठेवावे. यासाठीच सेवेतून आलेल्या कोटेशनांबरोबर यादीबाहेरच्या दोन-तीन डीलरांनाही तोच संदेश थेट ईमेलने पाठवावा.

> सावधान: या कामासाठी वेगळा ईमेल पत्ता काढा आणि शक्य असल्यास वेगळा फोन नंबर द्या. ‘आमच्या भागीदारांना माहिती देण्यास संमती’ अशी चौकट आधीच भरलेली असेल तर ती रिकामी करा. एकदा वाटला गेलेला नंबर परत घेता येत नाही.

टप्पा ५: मागणी लिहिणे

सर्व डीलरांना शब्दशः एकच संदेश जावा. त्यात गाडीचा तपशील, नोंदणी कुठे होणार ते ठिकाण, खरेदीची अपेक्षित तारीख आणि उत्तराची मुदत असावी. नमुना असा:

“मला खालील गाडी या महिन्यात घ्यायची आहे. कृपया कर, नोंदणी, वाहतूक, कागदपत्रांचे शुल्क आणि इतर सर्व अनिवार्य खर्च धरून एकूण ऑन-रोड किंमत बाबनिहाय कळवावी. कर्ज आणि एक्सचेंज यांची सूट यात धरू नये. सर्वांना मिळणाऱ्या आणि अटींवर मिळणाऱ्या सवलती वेगळ्या दाखवाव्यात. गाडी आवारात असल्यास चासिस नंबर, नसल्यास डिलिव्हरीची तारीख द्यावी. कोटेशन किती दिवस वैध आहे तेही लिहावे. मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आलेली लेखी कोटेशने विचारात घेणार आहे.”

विमा स्वतः घेणार असाल तर तो किमतीतून वगळावा, असेही एक वाक्य घालावे. जो डीलर “समोर या, बसून बोलू” एवढेच उत्तर देतो, त्याला तोच संदेश आणखी एकदा पाठवावा. तरीही आकडा आला नाही तर त्याचा नाद सोडावा. फोनवर सांगितलेला आकडा कोटेशन म्हणून धरू नये. फोन आल्यास सौजन्याने “ईमेलवर पाठवा, मी मुदतीत पाहतो” एवढेच म्हणावे.

वेळेबाबत एक गोष्ट उपयोगाची आहे. अनेक कंपन्या डीलरला मासिक किंवा तिमाही उद्दिष्ट गाठल्यावर जादा रक्कम देतात, आणि उद्दिष्टाला एखाददुसरी गाडी कमी पडत असलेला डीलर त्या एका गाडीवर तोटाही सोसू शकतो. म्हणून मागणी महिना संपण्याच्या आठ-दहा दिवस आधी पाठवून निर्णय शेवटच्या दोन-तीन दिवसांत घ्यावा. मात्र शेवटच्या दिवशीच सुरुवात केली तर तपासण्यांना वेळ उरत नाही.

टप्पा ६: कोटेशने एकाच तक्त्यात बसवणे

येथे घाई करू नये. पूर्वीच्या टप्प्यांत वाचवलेले सगळे इथल्या एका चुकीत निघून जाऊ शकते.

तक्त्यात डावीकडे खर्चाच्या बाबी आणि वर डीलर लिहावेत. गाडीची मूळ किंमत, सर्वांना मिळणारी सूट, कर, नोंदणी, वाहतूक, कागदपत्रांचे शुल्क, सक्तीच्या ॲक्सेसरीज आणि शेवटी एकूण रक्कम अशा ओळी कराव्यात. एखाद्या डीलरने एखादी बाब लिहिली नसेल तर ती शून्य न धरता रिकामी ठेवावी आणि विचारून भरावी. न लिहिलेला खर्च नंतर उगवतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

समजा, कर वगळून गाडीची छापील किंमत १०० धरली. पहिला डीलर ९४ ला देतो, पण कागदपत्रांचे २ आणि ‘सर्व गाड्यांवर आधीच बसवलेल्या’ संरक्षक लेपाचे ५ लावतो. दुसरा ९७ ला देतो आणि वर फक्त १ घेतो. वरवरच्या आकड्यात पहिला ३ ने स्वस्त दिसतो. प्रत्यक्षात तो १०१ वर जातो आणि दुसरा ९८ वर थांबतो.

सवलतींच्या अटीही येथेच तपासाव्यात. नुकतेच पदवीधर झालेले, सैन्यात असलेले, त्याच कंपनीची गाडी आधीपासून बाळगणारे किंवा कंपनीच्याच वित्तसंस्थेकडून कर्ज घेणारे अशा गटांसाठीच्या सवलती काही डीलर सरसकट वजा करून दाखवतात. एकाच ग्राहकाला त्या सगळ्या लागू होणे जवळजवळ अशक्य असते. ज्या तुम्हाला लागू नाहीत त्या काढून बेरीज पुन्हा करावी.

यानंतर अतिस्वस्त कोटेशनकडे संशयाने पाहावे. बाकीचे सर्व दोन-तीन टक्क्यांच्या पट्ट्यात असताना एखादेच त्याहून खूप खाली असेल, तर बहुधा ती गाडीच वेगळी असते: टेस्ट ड्राइव्हसाठी वापरलेली, मागील वर्षी बनलेली, किंवा उद्दिष्ट भरण्यासाठी डीलरने आधीच स्वतःच्या नावावर नोंदवलेली. शेवटच्या प्रकारात कागदोपत्री तुम्ही दुसरे मालक ठरता आणि वॉरंटीचा काळ आधीच सुरू झालेला असतो. अशी गाडी घेण्यात गैर काही नाही, पण तिची तुलना कोऱ्या गाडीशी करता येणार नाही.

> तपासणी: प्रत्येक डीलरला एक प्रश्न लेखी विचारा: “ही रक्कम भरल्यावर गाडी घेऊन जाण्यासाठी मला आणखी काही द्यावे लागेल का?” उत्तर ‘नाही’ असे स्पष्ट आलेली कोटेशनेच तक्त्यात ठेवा.

टप्पा ७: दुसरी फेरी, आणि ती एकच

पहिल्या तिघांना सर्वांत कमी एकूण रक्कम सांगून, त्याहून चांगला आकडा देता येईल का असे एकदाच विचारावे. स्पर्धकाचे नाव सांगण्याची गरज नाही. खोटा आकडा सांगू नये. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी डीलरला स्वतःची खरेदी किंमत माहीत असते, अशक्य आकडा त्याला लगेच ओळखू येतो आणि तो तिथेच बोलणे थांबवतो.

तिसऱ्या-चौथ्या फेरीत शेवटचा किरकोळ फरक मिळवण्याच्या नादात पहिल्या क्रमांकाची गाडी दुसऱ्याला विकली जाते. शिवाय ग्राहक खरेदी करणारा नाही, असे एकदा वाटले की उत्तरे बंद होतात. आकडे जवळपास सारखे असतील तर ज्याने बाबनिहाय आणि वेळेवर उत्तर दिले, त्याला झुकते माप द्यावे. लांबच्या डीलरला केवळ सर्व्हिसिंगच्या काळजीने नाकारू नये, कारण कंपनीची वॉरंटी सामान्यतः कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरवर चालते. मात्र गाडी आणण्याचा खर्च त्याच्या बेरजेत धरावा.

किंमत लेखी पक्की झाल्यावरच कर्ज आणि जुनी गाडी हे विषय उघडावेत. डीलरचा व्याजदर तुमच्या मंजुरीपेक्षा खरोखर कमी असेल आणि त्यासाठी गाडीची किंमत वाढत नसेल तर तो खुशाल घ्यावा.

टप्पा ८: बुकिंगची रक्कम

रक्कम भरण्यापूर्वी अंतिम ईमेलमध्ये एकूण किंमत, चासिस नंबर, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे चारही मुद्दे एकत्र आले पाहिजेत. डिलिव्हरीपूर्वी कंपनीने दर वाढवले तर वाढ कोणी सोसायची, हेही त्यातच लिहून घ्यावे. पैसे डीलरच्या संस्थेच्या खात्यातच भरावेत. विक्री प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यात कोणत्याही कारणाने भरू नयेत.

करार कुठे होतो यालाही महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये डीलरला प्रत्यक्ष न भेटता, संपूर्णपणे दूरस्थ पद्धतीने केलेली खरेदी ठरावीक अपवाद वगळता १४ दिवसांत रद्द करता येते. तीच खरेदी शोरूममध्ये बसून केली तर हा हक्क मिळत नाही. आपल्याकडील कायदा तपासल्याशिवाय ‘नंतर रद्द करू’ या भरवशावर सही करू नये.

टप्पा ९: सही आणि डिलिव्हरी

शोरूममध्ये जाताना पक्क्या कोटेशनची छापील प्रत जवळ ठेवावी आणि बिलाची प्रत्येक ओळ तिच्याशी ताडून पाहावी. किंमत ठरलेली असल्याने विक्रीचा उरलेला जोर आता एक्स्टेंडेड वॉरंटी, लेप, टायरमधील नायट्रोजन आणि काचेवर कोरलेला नंबर यांवर असतो. यातील काही हवे असल्यास त्याची बाहेरची किंमत आधी काढून ठेवलेली असावी. नसल्यास त्या दिवशी नाही म्हणावे. बिलात ठरलेल्यापेक्षा वेगळा आकडा असेल तर सही न करता दुरुस्त बिल मागावे. “सिस्टीममधून असेच निघते, नंतर समायोजित करू” हे उत्तर स्वीकारू नये.

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहावी, कारण ओल्या पृष्ठभागावर ओरखडे लपतात. १७ अक्षर-अंकांचा चासिस नंबर बिलावर, विम्याच्या कागदावर आणि गाडीवर एकच आहे का, हे अक्षर न् अक्षर जुळवावे. टायरच्या बाजूवर कोरलेल्या तारखेच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. ३५२४ म्हणजे २०२४ मधील पस्तिसावा आठवडा. पाचही टायर एकाच काळातील असावेत, आणि सुटे चाक गाडीबरोबर येतच नसेल तर पंक्चर दुरुस्तीचा संच मागून घ्यावा. किलोमीटरचा आकडा, दोन्ही किल्ल्या आणि वॉरंटी सुरू झाल्याची तारीख पाहून झाल्यावरच उरलेली रक्कम चुकती करावी. काही उणीव आढळली तर ती डिलिव्हरीच्या पावतीवरच लिहून प्रतिनिधीची सही घ्यावी आणि त्या जागेचा फोटो तिथेच काढावा.

गाडी ताब्यात आल्यावर सेवेच्या खात्यात जाऊन मागणी ‘बंद’ करावी आणि बाकीच्या डीलरांना खरेदी झाल्याचे एका ओळीत कळवावे, नाहीतर पाठपुराव्याचे फोन आणखी कित्येक आठवडे येत राहतात.